'ऑटोफ्रेटेज केलेला' ब्लॉक घेतला आणि अकरा दिवसांत चिरला

मी मेंटेनन्समध्ये आहे. आमच्याकडे तीन प्लंजरचा हाय प्रेशर पंप आहे, 700 बारवर चालणारा. जुन्या ब्लॉकच्या व्हॉल्व्ह सीटचे टेपर पाण्याने कापले गेले होते, म्हणून नवा फ्लुइड एंड ब्लॉक, म्हणजे प्लंजर आणि व्हॉल्व्ह ज्यात बसतात तो पोलादी ठोकळा, घ्यायचा होता. मूळ कंपनीची डिलिव्हरी लांबची. त्यामुळे बाहेरच्या एका सप्लायरकडे गेलो. नाव लिहीत नाही. पण तो काय करतो ते लिहितो, कारण हाच प्रकार आणखी दोघांच्या बाबतीत झाल्याचं नंतर कानावर आलं.

त्याचं बोलणं छान होतं. "साहेब, ब्लॉक फोर्ज्ड 17-4 पीएच, एच 1150 ट्रीटमेंट, आतून ऑटोफ्रेटेज, क्रॉस बोअरला शॉट पीनिंग. फटीगचं टेन्शनच नाही." शब्द सगळे बरोबर होते. 17-4 पीएच हे एक स्टेनलेस स्टील, एच 1150 ही त्याची भट्टीतली ट्रीटमेंट, आणि फटीग म्हणजे ताण पुन्हा पुन्हा येऊन धातू चिरणं. प्लंजरचा बोअर आणि व्हॉल्व्हचा बोअर आत जिथे एकमेकांना छेदतात, तिथली कड हेच अशा ब्लॉकचं मर्मस्थान. ब्लॉकचा बाहेरचा व्यास आतल्याच्या दुप्पट धरला, तर 700 बारला बोअरच्या भिंतीवर साधारण 117 मेगापास्कल ताण येतो. छेदाच्या कडेवर तोच जवळपास तिप्पट होतो, म्हणजे 350. आणि तो एकदा येऊन थांबत नाही, प्रत्येक स्ट्रोकला येतो आणि जातो. आमचा पंप 300 आरपीएमवर चालतो. एका सिलिंडरला तासाला 18,000 झटके. दहा लाखांचा आकडा छप्पन तासांत गाठला जातो.

ऑटोफ्रेटेज म्हणजे बोअरमध्ये एकदाच इतका दाब द्यायचा की आतला थर थोडा कायमचा ताणला जाईल. दाब काढला की बाहेरचा लवचिक भाग त्याला आत दाबून धरतो. मग चालताना येणाऱ्या ताणाला आधी ते दाबणं फेडावं लागतं. शॉट पीनिंगमध्ये हेच फक्त वरच्या पातळ थरात, बारीक गोळ्यांचा मारा करून साधतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, उत्तम आहेत. पण दोन्ही नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत. न दिसणारी वस्तू विकायची तर ह्यासारखा धंदा नाही!

मला त्याने हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दाखवली, माझ्यासमोर. 1050 बार, अर्धा तास, काटा जागचा हलला नाही. मी खूश होऊन सही केली. इथेच गाढवपणा झाला. त्या टेस्टने एवढंच कळलं की ब्लॉक एकदा 1050 बार सोसतो. चाळीस लाख वेळा 700 सोसेल की नाही, ह्याचं उत्तर त्या काट्याकडे नसतं. आणि तोच चार्ट त्याने फाइलमध्ये 'ऑटोफ्रेटेज रेकॉर्ड' म्हणून लावला होता! गणित करा: 1050 बारला छेदाच्या कडेवर 525 मेगापास्कल येतो, आणि एच 1150 मधला 17-4 किमान 725 पर्यंत कायमचा वाकत नाही. म्हणजे काहीच ताणलं गेलं नव्हतं. खऱ्या ऑटोफ्रेटेजचा दाब कामाच्या दाबापेक्षा बराच जास्त असतो, आणि त्या आधीचं आणि नंतरचं बोअरचं माप नोंदवलेलं असतं. माझ्या फाइलमध्ये माप नव्हतं. विचारायचं सुचलंच नाही.

अकराव्या दिवशी मधल्या सिलिंडरजवळ धुक्यासारखी बारीक फवार दिसली. आमचे काका, म्हणजे जुने फिटर, ओरडलेच, "हात नको लावू, लांब हो!" इतक्या दाबाची सुईएवढी धार कातडी भेदून आत शिरते, हातमोज्याला मोजतही नाही. पंप बंद केला.

ब्लॉक करवतीने कापून घेतला. मोडलेल्या तोंडावर कडेच्या एका बिंदूपासून शिंपल्यावर असतात तशा रेषा पसरत गेल्या होत्या. फटीगची ओळखीची खूण. आणि तो बिंदू? काकांनी कडेवरून फडकं फिरवलं, तर त्याचा धागा अडकला. छेदाच्या कडेला रेडियसच, म्हणजे गोलाईच, नव्हती. ड्रिलची बर, म्हणजे कडेला उरलेली धातूची कोर, फक्त ब्रशने झाडली होती, टूलच्या आडव्या चरा तशाच होत्या. राखाडी, मंद दिसणारा पृष्ठभाग मला पीनिंगचा वाटला होता, भिंगातून पाहिलं तर टोकदार ओरखडे निघाले. पीनिंगचे खड्डे गोल आणि एकमेकांना भिडलेले असतात. हे साधं सँड ब्लास्टिंग, तेही बाहेरून जेवढं पोचलं तेवढंच. कडेपर्यंत तर काहीच पोचलं नव्हतं.

मग कागद उघडले. मटेरियल सर्टिफिकेटवर 'राऊंड बार' लिहिलं होतं, माझ्यासमोर चौकोनी फोर्जिंग. हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या ओतीचा क्रमांक, कागदावर होता, ब्लॉकवर कुठेही पंच केलेला नव्हता. एक्सआरएफ गन, म्हणजे धातूतली मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र, लावली तर रसायन बरोबर आलं. म्हणजे इथे तो खोटं बोलला नव्हता. पण ती गन हीट ट्रीटमेंट सांगत नाही. हार्डनेस घेतली तर 42 एचआरसी (रॉकवेल सी मोजपट्टीवर). ती एच 900 ची होते. एच 1150 ची किमान 28 पासून असते, पण 42 नक्कीच नाही. भट्टी 621 अंशांवर चार तास ठेवण्याऐवजी 482 वर एक तासात उरकली होती. फोनवर म्हणाला, "हार्डनेस जास्त आली तर चांगलंच ना साहेब!" पाण्यात काम करणाऱ्या, कड टोकदार असलेल्या ब्लॉकला ते मुळीच चांगलं नाही. एच 900 खाचेला लगेच बळी पडतं आणि स्ट्रेस करोजनलाही.

नंतर त्याने आमच्याच पंपावर बोट ठेवलं: सक्शनला पाणी कमी पडलं, डँपनरचा, म्हणजे दाबाचे हेलकावे शोषणाऱ्या भांड्याचा, नायट्रोजन उतरला असेल. डँपनर तपासला, दाब खरंच कमी निघाला. ते माझं चुकलंच, आणि त्याने दाबाचे हेलकावे वाढले असणार. पण त्यामुळे रेडियस नाहीसा होत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. दुसरा ब्लॉक घेताना मी ऑर्डरमध्येच लिहिलं: हीट नंबर ब्लॉकवर पंच केलेला हवा, हार्डनेस माझ्यासमोर घ्यायची, छेदाच्या रेडियसचं प्लॅस्टरसारखं ठसेमाप आणि पीनिंगसोबत मारलेल्या आल्मेन पट्ट्या द्यायच्या. पट्टी एका बाजूने मारल्यावर वाकते, आणि ती किती वाकली ह्यावरून माऱ्याची तीव्रता कळते. एक सप्लायर तेवढ्यावरच गप्प झाला. दुसऱ्याने लगेच विचारलं, "पट्टी 'ए' हवी की 'एन'?" हे पट्टीच्या जाडीचे प्रकार. ऑर्डर त्याला दिली.

जुन्या ब्लॉकचा अर्धा तुकडा स्टोअरच्या दाराला अडसर म्हणून लावलाय. कुणी नवा विक्रेता आला की काका त्याच्या हातात फडकं देतात.