एक्सेलमधील फॉरमॅटिंगची साधने: कामाची आणि दिखाऊ

मायक्रोसॉफ्ट एक्सेलमधील फॉरमॅटिंगची साधने पारखताना मी एकच निकष लावतो: सेलचे रूप आतल्या आकड्यावर ठरते, की ते वरून चढवलेले असते? या निकषावर नंबर फॉरमॅट सर्वांत सरस ठरतो. कंट्रोल आणि १ दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘कस्टम’ निवडल्यास धन संख्या, ऋण संख्या, शून्य आणि मजकूर यांची मांडणी अर्धविरामांनी वेगळ्या केलेल्या चार भागांत स्वतंत्रपणे ठरवता येते, आणि मूळ संख्या तशीच राहते. अर्थात, हेच फसवेही ठरू शकते. २.४ आणि २.४ यांची बेरीज दशांश स्थळे लपवून दाखवली, तर पडद्यावर दोन अधिक दोन बरोबर पाच असे दिसते. तिथे संख्या खरोखरच पूर्णांकित करणाऱ्या राउंड फंक्शनला पर्याय नाही.

कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे अट पूर्ण झाली की सेलचे रूप बदलणाऱ्या सोयीत, पूर्वी तीनच अटी देता येत असत. २००७ च्या आवृत्तीने ती मर्यादा काढली आणि डेटा बार (सेलमधील पट्ट्या), कलर स्केल (रंगछटा), आयकॉन सेट (छोटी चिन्हे) हे प्रकार आणले. यांपैकी आयकॉन सेट मला बहुतेक वेळा निव्वळ सजावट वाटतात. खरी ताकद सूत्रावर आधारलेल्या नियमात आहे: सूत्रात कॉलमच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह दिले की, मुदत उलटलेल्या नोंदीची संपूर्ण ओळ आपोआप रंगते. मात्र वारंवार कॉपी-पेस्ट केल्याने नियमांचे तुकडे होत जातात, आणि ‘मॅनेज रूल्स’मधील यादी अधूनमधून साफ करावी लागते.

हाताने भरलेल्या रंगांवरून फिल्टर आणि सॉर्ट होते, पण अटीनुसार बेरीज करणाऱ्या समइफ फंक्शनला रंग कळत नाही. म्हणून ‘स्थिती’चा वेगळा कॉलम ठेवून रंग त्यावरून येऊ देणे श्रेयस्कर. एका सेलचे रूप दुसऱ्यावर उतरवणाऱ्या फॉरमॅट पेंटरवर डबल-क्लिक केले की एस्केप दाबेपर्यंत तो चालू राहतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

‘मर्ज अँड सेंटर’ हे माझ्या मते या संचातले सर्वांत घातक बटण आहे, कारण डेटाच्या मध्ये जोडलेले सेल असले की सॉर्टिंग अडते. ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’मुळे आडवे शीर्षक तसेच मधोमध दिसते आणि सेल सुटे राहतात, पण तो पर्याय अलाइनमेंटच्या टॅबमध्ये दडवून ठेवला आहे.

मजकुराची परस्पर तारीख करण्याच्या एक्सेलच्या सवयीपायी तर २०२० मध्ये, तारखेसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची अधिकृत चिन्हे बदलण्यात आली. ही सवय बंद करण्याची सोय २०२३ मध्ये आली. ती नसलेल्या आवृत्तीत, नोंदी भरण्याआधीच कॉलमला टेक्स्ट फॉरमॅट द्यावा; नंतर दिल्यास तारखेच्या जागी केवळ एक्सेल तिच्यासाठी आतून वापरत असलेला अनुक्रमांक उरतो.