भाऊ नदीत बुडाला, भरपाईच्या नावाखाली ५८,५०० रुपये गेले

आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. गेल्या जुलैत कोयनेतून पाणी सोडणार असा मेसेज आला, तसा धाकटा भाऊ नदीवरची मोटर वर घ्यायला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला.

तेराव्याचं जेवण उरकतंय तोवर एक एजंट दारात. ‘बुडून गेलेल्यांच्या केसेस मीच करतो.’ धरणाचं पाणी सोडलं म्हणून पाटबंधारेवर दावा लावायचा, १५ लाख नक्की. वर शेतकरी अपघाताचे २ लाख. फाईलचे ५,५००, कोर्ट फीचे १८,००० आणि ‘वरच्या साहेबांचे’ ३५,०००. हे शेवटचे वहिनीचं गंठण सोनेतारण ठेवून दिले. पावती एकाचीही नाही.

सहीसाठी त्यानं अर्ज पुढे केला. मृत्यूच्या कारणापुढे व्हाइटनर लावून ‘नदीत बुडून’ लिहिलेलं. कागद उजेडात धरला तर खालचं ‘सर्पदंश’ सरळ वाचता येत होतं. मी वाचलं! विचारलं, तर म्हणाला, ‘ऑफिसात फॉर्म संपलेत, चालतंय.’ आणि मी गप्प बसलो. दुसऱ्या कुणाच्या मयताचा कागद माझ्या भावाच्या नावावर चढत होता आणि मी वहिनीला पेन शोधून दिलं. तिथंच गचांडी धरायला पाहिजे होती. तो खरबरीत पांढरा पट्टा अजून बोटाला जाणवतो.

लोक म्हणतात, शिकलेला असून फसलास कसा? मी सोसायटीत हिशेब लिहितो, अडाणी नाही. पण घरात दोन लहान पोरं, पीककर्ज थकलेलं, अकस्मात मृत्यूचे कागद काढायला पोलीस ठाण्याचे तीन हेलपाटे झालेले. अशात कुणी ‘तुम्ही बसा, मी बघतो’ म्हणालं, तर कोण नको म्हणेल?

शेतकरी अपघाताच्या त्या २ लाखांचा, म्हणजे गोपीनाथ मुंडे योजनेचा अर्ज तालुका कृषी कार्यालयात फुकट द्यायचा असतो, तोही ३० दिवसांत. आम्ही त्याच्या भरवशावर अडीच महिने घालवले. कृषी कार्यालयात गेलो तर ‘मुदत गेली, आता कशाला आलात?’ पोलीस म्हणाले, ‘पैसे तुम्हीच हातानं दिलेत, दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ तहसीलमध्ये पुन्हा पोलिसांकडं बोट. चार वेळा गेलो, चारही वेळा साहेब मीटिंगला. साधा तक्रार अर्ज घेऊन पोच द्यायला यांच्या हाताला काय होतं? ज्याचं माणूस गेलंय त्यानंच दारोदार फिरायचं आणि लुटणारा खुशाल मोटारसायकलवर फिरतोय.

मूळ कागद कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. कोऱ्या कागदावर सही नाही म्हणजे नाही. वकील पाहिजे असेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडं जा, बाईमाणसाला तिथं उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. नाहीतर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० वर फोन करा. मला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही. आणि ‘साहेबांचे’ म्हणून कुणी पैसे मागितले की तिथल्या तिथं उठा.

परवा बँकेत भावाच्या पासबुकाची दुसरी प्रत काढली. वर्षाला २० रुपये कापलेले, प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे. अपघाती मृत्यूला त्यातही २ लाख आहेत. पासबुक घरात असतं तर वहिनीनं ती नोंद कधीच बघितली असती, पण ते त्या एजंटाच्या पिशवीत होतं. आता बँक पोस्टमार्टेमचा कागद मागतेय. तोही त्याच्याकडंच आहे आणि त्याचा फोन लागत नाही.