प्रेमकथा की रहस्यकथा: दुसऱ्या वाचनाची कसोटी

जेन ऑस्टिन यांची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) आणि अगाथा ख्रिस्ती यांची ‘द मर्डर ऑफ रॉजर अक्रॉइड’ (१९२६) या कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या, की प्रेमकथेतही एक तपास दडलेला असतो हे लक्षात येते. ऑस्टिनची नायिका एलिझाबेथ ही विकहॅम या तरुण अधिकाऱ्याच्या गोड बोलण्यावर विसंबून श्रीमंत, अबोल डार्सीला विकहॅमवरील अन्यायाबद्दल दोषी ठरवते. मात्र चर्चमधील पाळकपदाच्या हक्काऐवजी विकहॅमने तीन हजार पौंड घेतले होते, हे डार्सीच्या पत्रातून कळल्यावर ती तेच पत्र पुन्हापुन्हा वाचते आणि आपण पुरावा नव्हे, तर आपला दुखावलेला अभिमान प्रमाण मानला, हे तिला उमगते. कादंबरीच्या साधारण मध्यावर येणारे हे प्रकरण मला कोणत्याही चौकशीइतके थरारक वाटते.

ख्रिस्तींच्या कादंबरीत चुकतो तो वाचक. निवृत्तीनंतर खेड्यात भोपळे लावणारा गुप्तहेर प्वारो सर्व धागे जुळवतो, तेव्हा आपण सहज ओलांडून गेलेली वाक्ये वेगळीच दिसू लागतात. (खुनी कोण, हे अर्थातच येथे सांगत नाही.) रचनेच्या काटेकोरपणात ही कादंबरी सरस आहे, तिच्यातील काही पात्रे मात्र केवळ संशयित म्हणूनच वावरतात.

एकाच बैठकीत वाचायचे असेल, तर ख्रिस्ती निवडावी. पुन्हा वाचण्यासाठी माझी पसंती ऑस्टिनला, कारण शेवट ठाऊक असूनही तिच्या संवादांची धार कमी होत नाही.