मक्याचा ‘भाव पक्का’ करायला गेलो आणि २,३३,४०० रुपये घालवले

‘लोभ नडला’ म्हणणारे आजवर पुष्कळ भेटले, म्हणून आधीच सांगतो : मला लोभ नव्हता, धास्ती होती. आडतीत वाढलेला माणूस आहे मी. उन्हाळ्यात रब्बीचा ६०० क्विंटल मका इथेनॉलवाल्यांच्या भरवशावर गोदामात भरला. २०२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१.८६ रुपये दर झाला, तेव्हापासून सगळेच मक्याच्या मागे. मग २०२५ मध्ये सरकारने इथेनॉल बनवणाऱ्या डिस्टिलऱ्यांना एफसीआयचा (भारतीय अन्न महामंडळाचा) तांदूळ २,२५० रुपये क्विंटलने दिला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. भाव पडणार हे दिसत होतं. अशा वेळी वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून, माल विकून ठेवणं यात चूक काय?

तेवढ्यात हा ‘रिस्क सल्लागार’ उगवला. काचेचं ऑफिस, भिंतीवर सर्टिफिकिटं. (सर्टिफिकीट भिंतीवर बघू नका, नोंदणी क्रमांक सेबीच्या, म्हणजे शेअर आणि वायदे बाजाराच्या सरकारी नियंत्रकाच्या, साइटवर टाकून बघा.) म्हणाला, २,२५० चा भाव पक्का, खाली गेला तर फरक आम्ही देऊ. क्विंटलला ४० रुपये प्रीमियम म्हणजे २४,०००, वर मार्जिन, म्हणजे सौद्याची अनामत, १,५०,०००. सौदा एक्स्चेंजवरच टाकतो म्हणाला. पैसे मात्र कुठल्याशा ट्रेडर्सच्या करंट खात्यात. तिथेच उठायचं.

पण खरं डोक्यात जातं ते पुढचं. एका रविवारी त्याच्या अ‍ॅपवर भाव हलला. रविवारी! बाजार समिती बंद, एक्स्चेंज बंद, आणि माझा सौदा हलतोय. विचारलं तर म्हणे, “शेठ, ग्लोबल फीड आहे.” मी गप्प बसलो, कारण आकडा माझ्या बाजूने हलला होता. हिरवा आकडा बघून कोण भांडतं, सांगा! कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याची पावती, कधी आली नाही, एक्स्चेंजचा एसएमएस नाही. सौदा खरा असेल तर त्याच दिवशी मेसेज येतो.

खरिपाची आवक सुरू झाली, भाव १,७०० वर आला. अ‍ॅपवर नफा ३,३०,०००. काढायला गेलो तर आधी ‘१८ टक्के जीएसटी’ भरा, ५९,४००. भरला. दुसऱ्या दिवशी ऑफिसला कुलूप. तिकडे मका १,७०० नेच विकावा लागला, तो तोटा वेगळाच.

पोलीस ठाण्यात म्हणाले, हा दिवाणी मामला. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्हीच पाठवलेत. बँकेने हात वर केले. (१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन त्याच घटकेला करा, उद्यावर टाकू नका.) एका सरकारी तक्रार पोर्टलने तर कमाल केली : इसम नोंदणीकृत नाही, सबब तक्रार आमच्या कक्षेत नाही. अहो, नोंदणीकृत असता तर तक्रार कशाला केली असती! डब्बा, म्हणजे एक्स्चेंजबाहेर परस्पर चालणारा सौदा, बेकायदा आहे हे प्रत्येक टेबलावर ऐकवलं, डब्बेवाल्याला शोधायला एकही माणूस खुर्चीतून उठला नाही. एका हवालदाराने उलट मलाच विचारलं, “म्हणजे डब्ब्यात तुम्ही खेळलात ना?”

आता तोच आवाज दुसऱ्या नंबरवरून सोयाबीनचा ‘एक्स्चेंजवरचा पक्का भाव’ विकतोय. सोयाबीनचे वायदे सेबीने २० डिसेंबर २०२१ लाच थांबवलेत. फोन आला तर त्याला एवढंच विचारा, कुठल्या एक्स्चेंजवर?