रायझन ५ ७६०० की आय५-१३४००एफ : दोन्ही यंत्रे वापरल्यानंतरचा अनुभव

मधल्या किमतीचा प्रोसेसर घ्यायला निघालेल्या ग्राहकासमोर गेल्या काही वर्षांत जी जोडी हमखास येऊन उभी राहते, ती म्हणजे एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि इंटेलचा आय५-१३४००एफ. दोन्ही जानेवारी २०२३मध्ये बाजारात आले. पहिल्याची जाहीर किंमत २२९ डॉलर होती आणि दुसऱ्याची १९६ डॉलर. आपल्याकडच्या दुकानांत हा फरक साधारण दोन-तीन हजार रुपयांचा होतो. माझ्या अकोल्याच्या घरी रायझन आहे आणि थोरल्या भावाच्या डीटीपीच्या ऑफिसात, जिथे माझाही बराच वेळ पुस्तकांची पाने लावण्यात जातो, तिथे इंटेल आहे. दोन्ही यंत्रांवर बरेच महिने काम आणि खेळ झाल्यावर माझे मत असे बनले आहे की या दोघांपैकी वेगवान कोण, हा प्रश्न दुय्यम आहे. प्रोसेसरच्या मागे येणारा मदरबोर्ड, त्यावर चालणारी रॅम आणि घरात आधीपासून पडलेले सामान यांचा हिशेब मांडला की निवड जवळपास आपोआप होते.

तरीही कागदावरचे आकडे आधी पाहून घेऊ. रायझनमध्ये ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणारी कामे) आहेत, कमाल वेग ५.१ गिगाहर्ट्झ आहे आणि एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी पण वेगवान मेमरी, ३२ एमबी आहे. इंटेलमध्ये ६ मोठे आणि ४ लहान असे १० कोअर आणि १६ थ्रेड आहेत. मोठ्या कोअरचा कमाल वेग ४.६, लहान कोअरचा ३.३ गिगाहर्ट्झ आणि एल३ कॅश २० एमबी. दुकानदार बहुतेक वेळा दहा विरुद्ध सहा एवढेच सांगतो आणि ऐकणाऱ्याला हिशेब सोपा वाटतो. प्रत्यक्षात लहान कोअर हे कमी विजेत मागची कामे उरकण्यासाठी असतात. खेळाचा मुख्य भार दोन-चार मोठ्या कोअरवरच पडतो आणि तिथे एका कोअरचा वेग आणि कॅशचा आकार यांनाच महत्त्व येते. खेळाला लागणारी माहिती कॅशमध्ये सापडली नाही तर प्रोसेसरला रॅमकडे धाव घ्यावी लागते, आणि त्या धावेतच फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणारे चित्र, अडखळते.

माझ्याकडे आरटीएक्स ४०६० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आणि १०८०पीचा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे. हेच कार्ड काही काळ ऑफिसातल्या इंटेलवर लावण्याची वेळ आली (ती का आली ते पुढे सांगतो), त्यामुळे एकाच कार्डावर दोन्ही प्रोसेसर पाहता आले. सायबरपंक २०७७ उच्च सेटिंगवर चालवला तर कार्डाचा वापर दोन्हीकडे शंभर टक्क्यांना टेकलेला असतो आणि प्रोसेसर निवांत असतो. डोळे बांधून खुर्चीत बसवले आणि मग पट्टी काढली, तरी कोणते यंत्र समोर आहे ते मला सांगता आले नसते. रेड डेड रिडेम्प्शन २ आणि फोर्झा होरायझन ५ यांचेही तेच. ज्यांचे खेळणे अशा प्रकारच्या खेळांपुरते आहे आणि कार्ड ४०६०च्या आसपासचे आहे, त्यांनी प्रोसेसरवर दोन-तीन हजार जास्त घालण्यापेक्षा ते पैसे वरच्या कार्डाकडे वळवावेत.

फरक दिसतो तो काउंटर-स्ट्राइक २सारख्या खेळात, जिथे सेटिंग खाली आणून फ्रेम शक्य तितक्या वर नेल्या जातात. तिथे कार्ड मोकळे राहते आणि प्रोसेसरची दमछाक होते. सरासरी आकड्यात रायझन पुढे आहेच, पण मला जाणवला तो सर्वांत संथ एक टक्का फ्रेमांचा आकडा, ज्याला खेळणारे ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. धूर पसरलेला, दहाही खेळाडू एका जागी आलेले, दोन-तीन ग्रेनेड एकदम फुटलेले, अशा क्षणी इंटेलवर माउसची हालचाल किंचित जड होते आणि रायझनवर ती कमी जड होते. बाल्डर्स गेट ३च्या तिसऱ्या अंकात, शहरातल्या गजबजलेल्या रस्त्यांवरून फिरताना दोन्ही प्रोसेसरांचा घाम निघतो. रायझन तुलनेने बरा सावरतो एवढेच म्हणेन. स्पर्धात्मक खेळणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा वाटेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळणाऱ्याने त्यासाठी झोप उडवून घेऊ नये.

आता रोजच्या कामाकडे येतो, कारण या यंत्रांचा दिवस त्यातच जातो. पुस्तकाची मांडणी करताना इनडिझाइनमध्ये चारशे पानांची फाइल उघडून एका ठिकाणी परिच्छेद वाढवला की पुढची पाने एकामागून एक सरकतात. हे काम मुख्यतः एकाच कोअरवर चालते आणि कितीही कोअर दिले तरी त्याला त्यांचे सोयरसुतक नसते. इथे रायझन थोडा चपळ वाटतो, पण तो फरक सेकंदांच्या तुकड्यांतला आहे. एक्सेल, ब्राउझरच्या तीस-चाळीस टॅब, मागे चालू असलेला व्हिडिओ कॉल यांत तर कोणाचीच तक्रार नाही.

उलट चित्र दिसते ते जुन्या पुस्तकांच्या ओसीआरमध्ये, म्हणजे स्कॅनमधली अक्षरे ओळखून मजकूर काढण्यात. आम्ही स्कॅन केलेली मराठी पुस्तके टेसरॅक्ट या ओसीआरच्या सॉफ्टवेअरमधून काढतो आणि त्यासाठी वापरलेले साधन प्रत्येक पान वेगळ्या थ्रेडला वाटून देते. एका पानाचा दुसऱ्याशी संबंध नसल्यामुळे सगळे कोअर एकाच वेळी कामाला लागतात, आणि इथे इंटेलचे ते चार लहान कोअर स्वतःची मजुरी वसूल करून देतात. जाडजूड पुस्तकाचे काम इंटेलवर रायझनच्या थोडे आधी संपते. शिवाय तेवढ्या वेळात समोर टायपिंग चालू ठेवले तरी इंटेलवर अडखळत नाही. व्हिडिओ रेंडर करणे, मोठ्या फाइल झिप करणे अशा कामांतही साधारण हाच अनुभव येईल. मात्र ज्याचा उदरनिर्वाह अशाच कामांवर आहे, त्याने या दोघांच्या वरच्या पायरीकडे पाहणे शहाणपणाचे ठरेल.

आता मदरबोर्ड आणि रॅम, ज्यांच्यावर मी निवडीचा सगळा भार टाकतो. इंटेलचा हा प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटवर (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसण्याची जागा) बसतो आणि त्याचे बोर्ड डीडीआर४ व डीडीआर५ या जुन्या-नव्या पिढ्यांच्या रॅमसाठी, अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. रायझन एएम५ सॉकेटवर बसतो आणि तिथे डीडीआर५शिवाय गत्यंतर नाही. दादाकडे जुन्या यंत्रातली ३२ जीबी डीडीआर४ रॅम धडधाकट होती; त्याने बी७६० चिपसेटचा डीडीआर४ बोर्ड घेतला आणि रॅमचा खर्च शून्यावर आणला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. माझ्याकडे मात्र जपून ठेवण्यासारखे काहीच नव्हते, त्यामुळे बी६५० बोर्ड आणि डीडीआर५-६००० रॅमची जोडी घेतली. रायझन ७००० मालिकेसाठी ६०००चा वेग सर्वांत सोयीचा, असे एएमडीनेच सांगितले होते, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्स्पो हा पर्याय चालू केला की रॅम त्या वेगावर येते. तो चालू केला नाही तर पैसे भरूनही रॅम सावकाश चालत राहते. कित्येकांच्या घरी ती तशीच चालू आहे, हे मी मित्रांची यंत्रे उघडून पाहिले आहे.

माझी खरेदी झाली तेव्हा डीडीआर५ आणि डीडीआर४ यांच्या किमती बऱ्याच जवळ आल्या होत्या. २०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी वाढल्यामुळे रॅमचे भाव सगळीकडेच भडकले आणि हा हिशेब बदलला. आता घरात जुनी डीडीआर४ पडलेली असेल तर ती नुसती अडगळ राहिलेली नाही, आणि तेवढ्या एका कारणासाठीसुद्धा इंटेलचे पारडे जड होऊ शकते.

रायझनच्या बाजूने बोलणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे सॉकेटचे आयुष्य. एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये आले. त्यावर एप्रिल २०२३मध्ये ९६ एमबी एल३ कॅशचा ७८००एक्स३डी बसला, ऑगस्ट २०२४मध्ये ९००० मालिका आली आणि नोव्हेंबर २०२४मध्ये ९८००एक्स३डी आला. २०२७पर्यंत आणि त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. अशा आश्वासनांवर मी एरवी फारसा विसंबत नाही, पण याआधीच्या एएम४वर पहिले रायझन २०१७मध्ये आले होते आणि त्याच सॉकेटसाठी जानेवारी २०२४मध्येही ५७००एक्स३डीसारखा नवा प्रोसेसर निघाला, हा इतिहास डोळ्यांसमोर आहे. याउलट एलजीए १७००ची वाट १४व्या पिढीपाशी संपली. ऑक्टोबर २०२४मध्ये आलेली कोअर अल्ट्रा २०० मालिका एलजीए १८५१ हे नवे सॉकेट घेऊन आली. दादाला पुढे प्रोसेसर बदलायचा झाला तर तो वापरलेला आय७ शोधेल. तसे करणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे की १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या मॉडेलांना व्होल्टेजमुळे अस्थिरतेचा त्रास होत असल्याचे इंटेलने २०२४मध्ये मान्य केले, त्यासाठी मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. १३४००एफ त्या यादीत नाही. पण सेकंडहँड आय७ आधीच्या मालकाने कसा वापरला आणि बायोस वेळेवर अद्ययावत केले की नाही, हे कळायला मार्ग नसतो.

आता ते कार्डाचे प्रकरण. दिवाळी अंकाची पाने छपाईला जायच्या घाईत ऑफिसातले जुने ग्राफिक्स कार्ड बंद पडले. नावातला एफ म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही. त्यामुळे यंत्र चालू, पंखे फिरताहेत, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. मी घरून माझे ४०६० आणून तिथे बसवले आणि अंक मार्गी लागला. घरच्या रायझनमध्ये मात्र लहानसे का होईना, ग्राफिक्स आहे. एचडीएमआयची वायर कार्डाऐवजी थेट मदरबोर्डला जोडली आणि घरचे काम त्यावर सुरू राहिले. या ग्राफिक्सवर सायबरपंकची अपेक्षा करू नये, पण टायपिंग, मांडणी, व्हिडिओ पाहणे हे सगळे व्यवस्थित होते. ज्या यंत्रावर पोट आहे तिथे एफ नसलेला १३४०० घ्यावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो. त्याची जाहीर किंमत २५ डॉलरने जास्त होती, पण त्यात डिस्प्लेची सोय होतेच, शिवाय क्विक सिंक हे व्हिडिओवरची प्रक्रिया वेगाने करणारे अंग मिळते, जे व्हिडिओ एडिटिंगमध्ये फार उपयोगी पडते.

वीज आणि उष्णता यांचे गणित वरवर दिसते त्यापेक्षा थोडे उलटे आहे. दोन्हींवर ६५ वॉट असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात रायझन जास्तीत जास्त ८८ वॉट ओढतो आणि इंटेलला टर्बोमध्ये १४८ वॉटपर्यंत मुभा असते. तेवढी सलग मिळेल की नाही ते मदरबोर्डच्या कुवतीवर ठरते. मात्र यंत्र नुसते चालू असताना, म्हणजे आपण वाचत बसलेलो असताना, इंटेल कमी खातो. रायझन वेगवेगळ्या चिपलेट, म्हणजे छोट्या चिपा, जोडून बनलेला असल्यामुळे रिकाम्या वेळीही त्याचा वापर दहा-पंधरा वॉटने जास्त राहतो. रोज दहा तास यंत्र चालू ठेवले तर हा फरक महिन्याला तीन ते साडेचार युनिटांचा झाला. बिलात तो फारसा दिसत नाही, पण वीज गेल्यावर सगळे ऑफिस इन्व्हर्टरवर चालवणाऱ्याला तो कळतो.

अकोल्याचा मे महिना मात्र दोघांचीही परीक्षा घेतो. बाहेर ४४-४५ अंश असताना खोलीतली हवाच गरम असते आणि कोणताही कूलर तिच्यापेक्षा थंड करू शकत नाही. रायझनचे तापमान आकड्यात जास्त दिसते, कारण उष्णता फार लहान चिपमध्ये एकवटलेली असते. ९५ अंशांची मर्यादा तर कंपनीनेच ठरवून दिलेली आहे. सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर चालतो, पण लांबलचक भार पडला की त्याचा आवाज ऐकू येतो, आणि ओसीआर रात्रभर चालवायचे असेल तर तो आवाज भिंतीपलीकडे पोहोचतो. मी चार हीट पाइपचा साधा टॉवर कूलर बसवला आणि उन्हाळ्यात बायोसमधून ४५ वॉटचा इको मोड लावतो. खेळात त्याने काही बिघडलेले जाणवले नाही. ओसीआरला थोडा वेळ जास्त लागतो.

एएम५विषयी एक गोष्ट आधी ठाऊक असावी. नवी रॅम बसवून यंत्र पहिल्यांदा सुरू केले की पडदा काही मिनिटे काळाच राहतो. त्या वेळात बोर्ड रॅमची जुळवाजुळव करत असतो, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. घाबरून बटण दाबले की ते पहिल्यापासून सुरू होते. पुढे बायोसमध्ये मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (आधीची जुळवाजुळव लक्षात ठेवणारी सेटिंग) चालू केले की रोजचे सुरू होणे लवकर आटोपते.

खरेदी लॅमिंग्टन रोडवरून करा, पुण्यातून करा किंवा ऑनलाइन. बॉक्स आणि ट्रे यांतला फरक मात्र विचारून घ्या. ट्रेचा, म्हणजे बॉक्सशिवाय सुटा मिळणारा प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्यासोबत कूलर येईलच असे नाही आणि वॉरंटी बहुधा दुकानदाराच्या शब्दावर असते. सीलबंद बॉक्सला दोन्ही कंपन्यांची तीन वर्षांची वॉरंटी असते. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यावा, आणि व्यवसायासाठी घेत असाल तर जीएसटी क्रमांक घालून पक्के बिल घ्यावे, कारण भरलेल्या १८ टक्के जीएसटीचे क्रेडिट त्यावर मिळते.