कोथरूडमधलं सिरॅमिक मुखवट्याचं वर्कशॉप, नक्की करा

कोथरूडच्या एका छोट्या पॉटरी स्टुडिओत मुखवट्याचं वर्कशॉप केलं, दोन रविवार, आणि खरंच खूप दिवसांनी हाताने काहीतरी घडवल्याचं समाधान मिळालं. चाक वगैरे नाहीच, माती मळून आतली हवा काढायची, लाटण्याने साधारण 1 सेंमी जाड पोळी लाटायची आणि चुरगळलेल्या पेपरच्या गोळ्यावर पसरायची, की चेहऱ्याला छान गोलाई येते. माझ्या डोळ्यासमोर जव्हारच्या बोहाड्याचे, म्हणजे तिथल्या आदिवासींच्या मुखवटे घालून नाचायच्या उत्सवाचे, मुखवटे होते, म्हणून डोळे मोठे आणि भुवया जाड केल्या. नाक चिकटवताना दोन्हीकडे सुईने रेघा मारून मधे मातीचा पातळ चिखल लावायचा असतो, मी घाईत तो कमी लावला आणि कडेला भेग पडली. माती अजून ओलसर होती म्हणून शिकवणाऱ्या ताईंनी माझ्याच हातून ते नाक परत बसवून घेतलं, हे मला फार आवडलं.

टांगायची भोकं कच्च्या मातीतच पाडा आणि थोडी मोठीच ठेवा, कारण वाळून भाजून माती दहाएक टक्के आकसते. पहिली भट्टी 1000 अंशांच्या आसपास, मग ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावून दुसरी 1200 च्या वर. पावसाळ्यात गेलात तर वाळायलाच जास्त दिवस लागतात, घाई करू नका. पार्किंगची मात्र बोंब आहे, रिक्षाने जा. माझा मुखवटा आता दाराशेजारी आहे, गालावर ग्लेझचा एक हिरवा ओघळ आलाय तो मला सगळ्यात जास्त आवडतो.