युक्रेनमधून निघालेल्यांसाठी युरोपचे ‘तात्पुरते संरक्षण’: आत घेणारी सेवा चोख, पुढचे मात्र अधांतरी

पाचपैकी साडेतीन तारे. गुण कुठे कापले ते पुढे येईलच.

आधी एक गैरसमज दूर करू. युद्धातून पळून आलेला माणूस आपोआप ‘निर्वासित’ ठरत नाही. निर्वासितांविषयीच्या १९५१च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची साधार भीती दाखवावी लागते. घरावर क्षेपणास्त्र पडले, एवढे त्याला पुरत नाही. आफ्रिकी देशांनी १९६९मध्ये आपल्या करारात परकीय आक्रमण हे कारणही घातले, युरोपने व्याख्या तेवढी रुंदावली नाही. तिथे अशांसाठी पूरक संरक्षण आहे, पण त्यालाही प्रत्येकाची वेगळी मुलाखत आणि वेगळा निकाल लागतो. लाखो लोक एकदम आले की ही यंत्रणा तुंबते.

म्हणून तात्पुरत्या संरक्षणाचा २००१चा निर्देश, म्हणजे युरोपीय संघाने सदस्य देशांना घालून दिलेला नियम. बाल्कन युद्धांनंतर केलेला, आणि वीस वर्षे फडताळात पडून राहिलेला! ४ मार्च २०२२ रोजी तो पहिल्यांदा लागू झाला. यात छळ सिद्ध करायचा नसतो. युक्रेनच्या नागरिकाने २४ फेब्रुवारी २०२२पूर्वी युक्रेनमध्ये राहत होतो आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर विस्थापित झालो, एवढे दाखवले की झाले. निवास परवाना, नोकरीची मुभा, राहण्याची सोय, उपचार, मुलांना शाळा हे सगळे त्यातच येते. चाळीस लाखांहून अधिक लोकांना हे छत्र मिळाले. सेवेचा हा भाग खरोखर दाद देण्याजोगा.

अडते ते बहुधा कागदांवर. पासपोर्टवरून नागरिकत्व कळते, पण त्या तारखेआधी वास्तव्य युक्रेनमध्येच होते हे दरवेळी कळत नाही. जे आधीच परदेशात नोकरीला होते, त्यांचे अर्ज इथेच लटकतात. पत्त्याची नोंद, भाडेकरार, नोकरीचा दाखला असे जे हाती असेल ते जोडावे. कुटुंबीय युक्रेनचे नागरिक नसतील तर विवाह आणि जन्माचे दाखले हवेतच. युक्रेनमध्ये शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना मात्र निर्देश लागू करणाऱ्या निर्णयाने हक्क दिलेला नाही. त्यांना सामावून घ्यायचे की नाही, ते प्रत्येक देशाच्या मर्जीवर. नेदरलँड्सने आधी घेतले, नंतर काढले, आणि युरोपीय संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०२४मध्ये असे लवकर थांबवणे कायद्यात बसते असे सांगितले. डेन्मार्क या निर्देशाने बांधलेला नाही, तिथे स्वतंत्र कायदा आहे.

देश निवडायची मोकळीक आहे, दोन देशांत एकाच वेळी लाभ घेण्याची नाही. दुसरीकडे जायचे असेल तर आधीची नोंद रद्द करून घ्यावी, नाहीतर नव्या ठिकाणी अर्ज अडकतो. मात्र दुसऱ्या देशात नुसता अर्ज केला होता, परवाना मिळालेला नव्हता, एवढ्यावरून नकार देता येत नाही. याच न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२५च्या निकालाने हे स्पष्ट केले आहे. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला तो निकाल ठाऊक असेलच असे नाही, म्हणून नकार लेखी मागावा. अपील त्या लेखी नकाराच्याच आधारावर होते.

आता दीड ताऱ्याचा हिशेब. मूळ निर्देशात जास्तीत जास्त तीन वर्षे गृहीत होती. मुदत वाढत वाढत ४ मार्च २०२७पर्यंत आली. पण या दर्जावर काढलेली वर्षे युरोपीय संघाच्या दीर्घकालीन निवास परवान्यासाठी धरली जात नाहीत. पाच वर्षे कर भरला तरी त्या रांगेत क्रमांक शून्यच. आश्रयाचा अर्ज कधीही करता येतो, पण त्यावर विचार चालू असताना तात्पुरते संरक्षण सोबत ठेवू द्यायचे की नाही हे देश ठरवतो, तेव्हा अर्जाआधी ते विचारून घ्यावे. आश्रय नाकारला तरी मुदत असेपर्यंत तात्पुरते संरक्षण मिळण्याचा हक्क जात नाही. पात्रता असेल तर नोकरी किंवा शिक्षणाच्या परवान्याचा अर्ज मुदत संपायची वाट न बघता आत्ताच करावा.